मालसुनचा शिक्का

ज्या भिंतीखाली बोंगसिमने बावीस वर्षं लसूण लावला, त्या भिंतीवर आता लसणाचं चित्र होतं. हिरवीगार पात, माणसाहून उंच, पातीवर दवाचे थेंबसुद्धा काढलेले. आणि त्या पातीच्या मधोमध खुद्द बोंगसिम, दोन मजले उंच, हातात खुरपं घेऊन हसत बसलेली. भिंतीखाली जिथे खरी जमीन होती तिथे वीतभर जाडीचं काँक्रीट, काँक्रीटवर निळा रंग, आणि निळ्या रंगावर दोन पिवळी पावलं, फोटो काढून घेणाऱ्याने कुठे उभं राहायचं ते कळावं म्हणून. जमीन पुरून टाकायची आणि वर तिचंच चित्र लावायचं! मेलेल्या माणसाच्या फोटोला लोक निदान काळी फीत तरी लावतात.

शनिवार-रविवारी बंदराच्या बाजूने बसा भरून पोरंपोरी यायची. दोनशे बारा पायऱ्या धापा टाकत चढायची, पिवळ्या पावलांवर उभी राहून चित्रातल्या बोंगसिमसारखे दात काढायची आणि निघून जायची. एकदा कचऱ्याची पिशवी ठेवायला बोंगसिम बाहेर आली, तर एक पोरगी किंचाळलीच.

"अगंबाई, आजी, तुम्हीच ना त्या? हसा ना जरा चित्रातल्यासारखं!"

"चित्रातलीचे दात शाबूत आहेत, माझे चार पडलेत," बोंगसिम म्हणाली. "तिलाच हसव. तिला दुसरा उद्योग नाही."

एकाहत्तर वर्षांची ही बाई मुळात काही कडू नव्हती. तोंडाची फटकळ, पण बोलून मोकळी व्हायची, मनात काही ठेवायची नाही. मनात ठेवायला तिला शिकवलं ते पे चांगग्यूने.

बुसानच्या बंदरामागच्या डोंगराला चिकटलेली बांदल वस्ती म्हणजे एकतीस घरं, आणि त्यातल्या बहुतेक घरांत एकेकटी म्हातारी. चांगग्यू हा वस्तीचा गल्लीप्रमुख. पायऱ्यांच्या तळाशी त्याचं घरं-जागांच्या दलालीचं दुकान होतं. वय पंचावन्न, केस काळेभोर रंगवलेले, आणि बोलणं इतकं गोड की ऐकणाऱ्याने घरी जाऊन चूळ भरावी. येत्या निवडणुकीत वॉर्डाच्या कौन्सिलात जाऊन बसायचे त्याला डोहाळे लागले होते.

वाफ्यांची जागा होती सरकारी. फार वर्षांपूर्वीच्या वादळात तिथली दोन घरं कोसळली, राडारोडा तसाच पडून राहिला, तो नऊ बायकांनी हातांनी उपसला. डोंगरामागून पोत्यांत माती भरून डोक्यावरून आणली. दोन-दोन चटयांएवढे नऊ वाफे पडले. उन्हाळ्यात मिरची, पावसानंतर मुळा आणि कोबी, आणि थंडीच्या तोंडावर लसूण. सरकारचं कोणी कधी फिरकलं नाही. जमीन कोणाचीही असो, उभं पीक पेरणाऱ्याचं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

वस्तीत बाईला नावाने कोणी हाक मारत नाही. ज्या गावाहून लग्न होऊन आली, त्या गावाची ती. बोंगसिम नामहे बेटावरची, म्हणून नामहेवाली. तिची शेजारीण दोलसानवाली. सगळ्यांत वडील जिंजूवाली, ऐंशी पार केलेली, तिला सगळ्या अक्का म्हणत. खरी नावं असायची ती सरकारी कागदावर आणि बोटाएवढ्या लाकडी शिक्क्यावर. आमच्या म्हाताऱ्या सही कशाला करतील? शिक्का लाल शाईत बुडवायचा, कागदावर दाबायचा, काम झालं. दोलसानवालीचं खरं नाव युन मालसुन आहे, हे वस्तीत एकट्या बोंगसिमला माहीत होतं, कारण दवाखान्यात तिच्याबरोबर नंबर लावून बसायची ती बोंगसिमच.

दोन वर्षांपूर्वी वॉर्डाकडून वाफ्यांना खत आणि घरोघरी तांदूळ फुकट मिळू लागला. दर पोत्यामागे पावतीवर शिक्का मारायचा. चांगग्यू म्हणाला, "आजी, तुमचे गुडघे दुखतात, कशाला सारख्या खाली-वर करता? शिक्के माझ्याकडे ठेवा, मी मारत जाईन." एकतीसही घरांनी आपापला शिक्का त्याच्या बिस्किटाच्या पत्र्याच्या पेटीत टाकला. ही आमच्याकडची जुनीच खोड. कपाटाची किल्ली झोपतानाही कमरेला, आणि शिक्का प्रमुखाच्या खणात! तांदूळ आला, खत आलं, शिक्के काही परत आले नाहीत.

नोव्हेंबरात लसणाचे कोंब चार बोटं वर आले आणि एका सकाळी सिमेंट कालवायचं यंत्र आलं. बायका आडव्या गेल्या. बोंगसिम म्हणाली, "जूनपर्यंत थांबा. लसूण काढतो, मग घाला काय घालायचं ते." मुकादमाने कागद पुढे केला. 'सार्वजनिक कलेसाठी वाफे स्वखुशीने सोडत आहोत, उभ्या पिकावर हक्क सांगणार नाही.' खाली नऊ लाल शिक्के, एका रेषेत, सरळ. नऊ म्हाताऱ्यांचे हात, त्यांतले सहा थरथरणारे, आणि शिक्के मात्र शाळेतल्या मुलांसारखे ओळीत उभे!

चांगग्यू तिथेच उभा होता, हातात कॉफीचा कागदी कप घेऊन.

"तुम्हीच तर म्हणाला होता आजी, वस्तीचं भलं होऊ दे म्हणून," तो म्हणाला. "विसरलात? होतं असं, वयानुसार."

बोंगसिमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुपारपर्यंत लसूण काँक्रीटखाली गेला आणि ती वॉर्डाच्या कचेरीत गेली. तिथे कला विभागात कू सेयोंग नावाची तिशीची बाई होती. तिने सगळं ऐकून घेतलं, बार्लीचा चहासुद्धा दिला.

"आजी, शिक्का तुमचा आहे. तो तुम्ही नाही मारला, त्यांनी मारला, याला पुरावा काय?"

"मी सांगते ना!"

"तेही सांगतात ना, आजी."

पुरावा. तो शब्द माशाच्या काट्यासारखा बोंगसिमच्या घशात अडकला तो अडकलाच. त्या दिवसापासून तिला दुसरं काही नको होतं. लसूण परत नको, पैसे नकोत. चांगग्यूने आपल्या हाताने शिक्के मारले हे चारचौघांत, त्याच्या तोंडावर सिद्ध व्हायला हवं होतं, एवढंच.

दोलसानवालीला मात्र रागसुद्धा आला नाही, आणि बोंगसिमला भीती वाटली ती त्याचीच. दोघींचे वाफे समोरासमोर. मधल्या सरीत पाय सोडून बावीस वर्षं दोघी बसल्या, सुनांची, सरकारची आणि एकमेकींच्या मुळ्यांची निंदा करत. वाफा गेला तशी दोलसानवाली घरात बसली. बोंगसिम हाक मारायला गेली की म्हणायची, "उठून करू काय?" डिसेंबरात मोरीत घसरून पडली. मुलगा देगूहून आला आणि तिला गिम्हेच्या म्हाताऱ्यांच्या दवाखान्यात ठेवून गेला. बोंगसिम दर पंधरा दिवसांनी बसने जायची. मार्चच्या एकोणीस तारखेला पहाटे तिच्या मोबाइलवर मुलाचा मेसेज आला. आई गेली, अंत्यविधी अमुक ठिकाणी. डॉक्टर म्हणाले, न्यूमोनिया. डॉक्टरला काय कळतंय! बोंगसिमच्या लेखी तिला काँक्रीटने मारलं होतं, आणि काँक्रीट ज्याने घातलं त्याने.

अंत्यविधीला मुलगा, सून आणि बोंगसिम, तिघंच. मुलगा हात जोडून म्हणाला, "मावशी, वस्तीतल्या कोणाचेच नंबर नाहीत माझ्याकडे. तुम्ही सगळ्यांना सांगाल ना?"

"सांगते बाळा," ती म्हणाली, आणि खरंच सांगणार होती. गिम्हेहून परतताना बसमध्ये ती शब्द जुळवत होती, अक्काला आधी बसवायचं, पाणी द्यायचं, मग सांगायचं. पायऱ्यांच्या तळाशी बस थांबली. ती उतरली, तर सूचनाफलकावर नवा कागद लागलेला. 'सुंदर वस्ती स्पर्धा. रहिवासी नव्या भित्तीचित्रावर समाधानी असल्याचं पत्र, सर्व घरांच्या शिक्क्यांसह, सप्टेंबरात सादर करावं. विजेत्या वस्तीला दुसऱ्या भिंतीसाठी निधी.' खाली चांगग्यूचा फोटो, केस नुकतेच रंगवलेले.

बोंगसिमने तो कागद दोनदा वाचला. सर्व घरांच्या. हा माणूस दोनशे बारा पायऱ्या चढून एकतीस दारं वाजवणार नाही. हा दुकानात बसून पेटी उघडणार आणि एकेक शिक्का काढून दाबत जाणार. नावं वाचील, पण कुठलं नाव कुठल्या म्हातारीचं हे त्याला कळायचं नाही. आणि त्या पेटीत युन मालसुनचा शिक्का आहे. जिवंत म्हातारी म्हणेल मी नाही मारला, तर हा म्हणेल आजी, विसरलात. मेलेलीला कोण म्हणेल विसरलात?

त्या दिवशी बोंगसिम पायऱ्या चढली ती ओठ शिवून.

"कशी आहे गं दोलसानवाली?" अक्काने खिडकीतून विचारलं.

"आहे," बोंगसिम म्हणाली. "अशक्त झालीय."

एकदा खोटं बोललं की पुढचं आपोआप येतं. बोंगसिमला वाटलं होतं आठवडाभरात कोणीतरी पकडेल, पण कोण पकडणार? मुलगा देगूला. घराची किल्ली बोंगसिमकडे. ती रोज संध्याकाळी दोलसानवालीच्या घरात दिवा लावायची, दारातल्या मिरचीच्या कुंड्यांना पाणी घालायची, टपालपेटी रिकामी करायची. बायका विचारायच्या, आम्हाला पण ने ना एकदा. ती म्हणायची, डॉक्टर सोडत नाहीत, साथ आहे तिथे. मग बायका डबे द्यायच्या. अक्का काळ्या सोयाबीनची गोड-खारट उसळ द्यायची, कोणी वाळवलेली मासळी तिखटात परतून, कोणी मोहरीच्या पाल्याची किमची, दोलसानवालीच्या माहेरची म्हणून मुद्दाम केलेली.

बोंगसिम ते सगळं घेऊन गिम्हेच्या बसमध्ये बसायची. दवाखान्याच्या दोन थांबे पुढे अस्थी ठेवायची इमारत होती, तिथे उतरायची. काचेच्या कप्प्यात पांढरा कलश, शेजारी फोटो. समोर फरशीवर बसकण मारून डबा उघडायची.

"हे अक्काने केलंय. मीठ जास्त झालंय, तू असतीस तर बोलली असतीस. थांब अजून थोडी. सप्टेंबरात त्याला उघडा करते. तुझ्याच हाताने करते." आणि एकटीच अख्खा डबा संपवायची. रिकामा डबा घासून परत आणला की अक्का खूश. "जेवण जातंय म्हणजे बरी होणार बघ!"

त्या वेळी बोंगसिमला काही वाटायचं नाही असं नाही. वाटायचं. पण वाटण्याला ती म्हणायची, तू जरा बाहेर बस, माझं काम चाललंय. सहा महिने तिला रडायचीही चोरी होती. डोळे लाल दिसले असते तर कोणीतरी विचारलं असतं. तिने सूड तेवढा पोसला, वेळच्या वेळी पाणी घालून, तण काढून, लसूणही कधी राखला नव्हता इतक्या निगुतीने.

सप्टेंबरच्या सुरुवातीला ती चांगग्यूच्या दुकानात गेली. त्याला थोडं टोचून ठेवायला हवं होतं. आळशी माणूस, पाच-सहा घरं कमी पडली तरी चालतील म्हणून सोडून देईल, आणि त्यात नेमकी मालसुन सुटायची.

"प्रमुखसाहेब, ऐकलं की खालच्या वस्तीने सगळ्या घरांचे शिक्के मिळवले म्हणे," तिने हवेतच ठोकून दिलं. "तुम्हाला काही जमायचं नाही. निम्म्या म्हाताऱ्या तुमच्यावर रुसल्यात."

"कोण रुसलंय आजी? सगळ्यांचा जीव आहे त्या चित्रावर."

"मी तर नाही मारणार शिक्का."

"नका मारू," चांगग्यू हसला. त्याची नजर क्षणभर खणाकडे गेली. "तुमची मर्जी."

"एकतीसच्या एकतीस मिळवून दाखवा, मी तुमच्यासाठी मत मागत फिरेन."

"शब्द दिलात हां, आजी!"

ती बाहेर पडली तेव्हा तिच्या तोंडावर हसू होतं. भिंतीवरच्या बोंगसिमच्या हसण्यापेक्षा कितीतरी खरं.

सभा झाली छुसोकच्या सणाआधी आठवडाभर, पायऱ्यांखालच्या समाजमंदिरात. तीन परीक्षक, कचेरीची सेयोंग तिचा लॅपटॉप घेऊन, आणि खुर्च्यांवर वस्ती. म्हाताऱ्या सणाचे कपडे घालून आल्या होत्या, कारण चांगग्यूने सगळ्यांना तांदळाच्या केकची एकेक पेटी देऊ केली होती. खाल्ल्या केकला जागायला माणसं येतातच. बोंगसिम दुसऱ्या रांगेत, अक्काच्या शेजारी.

चांगग्यूने पडद्यावर फोटो दाखवले. आधी उकिरडा, नंतर बाग. उकिरड्याचा फोटो वादळानंतरचा होता आणि बागेचा फोटो चित्राचा होता. मधली बावीस वर्षं त्याने एका बोटाने पुढे ढकलली. मग त्याने पत्र वर धरलं. "आणि हे आमच्या रहिवाशांचं मन! एकतीस घरं, एकतीस शिक्के!"

परीक्षकांनी माना डोलावल्या. बोंगसिम उठली. जन्मात कधी बोलली नव्हती इतक्या नम्रपणे बोलली.

"प्रमुखसाहेब, एवढ्या पायऱ्या चढून तुम्ही स्वतः घरोघरी गेलात?"

"स्वतः गेलो!" चांगग्यूला हा चेंडू फारच आवडला. "एकेक दार वाजवलं. प्रत्येक आजींनी माझ्यासमोर, आपल्या हाताने शिक्का मारला."

"मला एवढ्यात काही आठवत नाही बाई. कोणाकोणाकडे गेलात, जरा नावं वाचता? ऐकायला बरं वाटेल."

तो वाचू लागला. उचलली जीभ लावली टाळ्याला, असा त्याचा स्वभावच. नुसती नावं वाचून त्याचं भागेना, प्रत्येकीला तो फुलं चिकटवत चालला. कोणी म्हणे त्याला बसवून सरबत दिलं, कोणी म्हणे आशीर्वाद दिला. अकरावं नाव आलं.

"युन मालसुन आजी. यांच्या तर डोळ्यांत पाणी आलं हो. माझा हात धरून म्हणाल्या, बाळा, मरायच्या आधी एवढं सुंदर बघायला मिळालं."

"कधी म्हणाल्या?" बोंगसिमने विचारलं.

"तारीख आहे ना इथे. नऊ सप्टेंबर."

बोंगसिमने पिशवीतून मोबाइल काढला. सहा महिने तिने तो मेसेज पुसला नव्हता. चालत पुढे गेली आणि मोबाइल सेयोंगच्या हातात दिला.

"ताई, मोठ्याने वाच."

सेयोंगने आधी मनात वाचलं. तिचा चेहरा उतरला. तिने लॅपटॉपवर काहीतरी बघितलं, परत बघितलं, आणि मग मोठ्याने म्हणाली, "युन मालसुन. मृत्यू, एकोणीस मार्च. कचेरीच्या नोंदीतही तेच आहे. पे-साहेब, ही यादी तुम्ही कुठली घेतलीत? गेल्या वर्षीची?"

चांगग्यूने कागदाकडे पाहिलं, सेयोंगकडे पाहिलं. "काहीतरी... दुसऱ्या कोणाकडे गेलो असेन मी. घोटाळा झाला असेल."

"विसरलात वाटतं?" बोंगसिम म्हणाली. "होतं असं, वयानुसार."

हा घास तिने दहा महिने तोंडात धरून ठेवला होता. आता चावून खाल्ला. चांगग्यूच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या, मग पांढऱ्या. एका परीक्षकाने पेन खिशाला लावलं आणि फाईल बंद केली. सेयोंग म्हणाली, "शिक्के कुठे आहेत, पे-साहेब? आत्ता, माझ्याबरोबर चला दुकानात." त्याने पाणी मागितलं. कोणी उठून दिलं नाही. बोंगसिम उभीच होती, आणि तिला वाटत होतं, बघतेयस ना गं? बघ, बघ त्याच्याकडे!

मागून कोणीतरी विचारलं, "पण ही मालसुन कोण?"

ते बोंगसिमने ऐकलं आणि वळली. सगळ्या म्हाताऱ्या तिच्याकडे बघत होत्या. इतक्या महिन्यांत तिने चांगग्यूच्या तोंडाचा प्रत्येक रंग मनात रंगवला होता. हे चेहरे रंगवायचे राहून गेले होते.

"आपली दोलसानवाली," ती म्हणाली.

पहिल्यांदा कोणालाच कळलं नाही. मग शेवटच्या रांगेतल्या एका बाईच्या हातून केकची पेटी खाली पडली. अक्का हळूहळू उठली, पुढच्या खुर्चीला धरून.

"मार्चमध्ये?"

"हो अक्का."

"परवाच्या मंगळवारी तू माझा डबा घेऊन गेलीस."

"हो."

"धुऊन आणलास. म्हणालीस, तुझी आठवण काढत होती."

चांगग्यूला सेयोंग बाहेर घेऊन चालली होती, ज्या क्षणासाठी बोंगसिम जगली तो क्षण दारातून बाहेर जात होता, आणि ती तिकडे पाहूही शकली नाही.

"पुरावा लागत होता, अक्का. कोणाला कळलं असतं तर खाली त्याच्या कानावर गेलं असतं. तुमच्यातल्या एकीच्या तरी तोंडून गेलंच असतं. तिच्यासाठीच केलं मी. त्याने मारलं तिला!"

"त्याने तिचा शिक्का वापरला, तिला न विचारता," अक्का म्हणाली. तिचा आवाज चढलासुद्धा नाही. "तू तिचं मरण वापरलंस. विचारलं होतंस तिला?"

"ती हसली असती. पोट धरून हसली असती, मला माहितीय."

"हसली असती. ती तशीच होती," अक्का म्हणाली. "पण आम्ही रडलो असतो ना गं. तिला पोचवायला आलो असतो. आमच्यावाचून गेली ती! सहा महिने मी तिच्या बरं होण्याची वाट बघत होते."

एवढं बोलून अक्का काठी टेकत निघाली. तिच्यामागे बाकीच्या. बोंगसिमला कोणी धक्का दिला नाही, शिवी दिली नाही, वाटेत उभी होती तर बाजूने वळून गेल्या.

चांगग्यूचं पुढे सगळं व्हायचं ते झालं. पत्र्याची पेटी खणातून निघाली, पोलिसांत तक्रार गेली, प्रमुखपद गेलं, निवडणुकीचं तिकीट तर गेलंच. दुकानाला कुलूप लावून तो थोरल्या भावाच्या गावी निघून गेला. नोव्हेंबरचा कागदही खोटा ठरला. काँक्रीट फोडून द्यायचं कचेरीने लेखी कबूल केलं. भिंतीवर राखाडी रंग फासायला माणसं आली, तेव्हा बोंगसिम शेवटपर्यंत उभी राहून बघत होती. आधी खुरपं गेलं, मग हात, मग ते दात काढलेलं तोंड. तिला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, भरपूर झाला. पुन्हा तीच वेळ आली असती तर तिने पुन्हा तेच केलं असतं, हे तिला पक्कं माहीत होतं.

पण हे नंतरचं. सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता सात म्हाताऱ्या बसथांब्यावर उभ्या होत्या, पांढऱ्या-काळ्या कपड्यांत, हातांत डबे. बोंगसिमही आली. तिला कोणी बोलावलं नव्हतं, पण कलश कुठल्या इमारतीत, कितव्या कप्प्यात आहे हे तिच्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं. बसमध्ये तिच्या शेजारची जागा गिम्हेपर्यंत रिकामी राहिली. गर्दी होती, दोघीतिघी उभ्याने आल्या.

इमारतीत ती पुढे चालली, बाकीच्या चार पावलं मागे. तिसऱ्या दालनात ती थांबली, बोट दाखवलं, म्हणाली, "ही इथे," आणि बाजूला झाली. अक्काने काचेला हात लावला. मग फरशीवर डबे मांडले गेले, सात झाकणं उघडली, आणि सहा महिने उशिराने दोलसानवालीसाठी वस्तीचा आकांत सुरू झाला. "आयगो, आयगो, अशी कशी गेलीस गं, न सांगता?"

बोंगसिमलाही आता रडायला काही हरकत नव्हती. तिने एक पाऊल पुढे टाकलं, पण म्हाताऱ्या खांद्याला खांदा लावून बसल्या होत्या, आणि मध्ये जागा नव्हती. कोणी सरकेल म्हणून ती जरा वेळ थांबली. मग बाहेर येऊन दाराजवळच्या बाकावर बसली. आत यायला तिला कोणी मनाई केली नव्हती.